बर्लिनमध्ये परतलेले गीत : एला फिट्झजेराल्ड यांच्या १९६० मधील मैफिलीच्या ध्वनिमुद्रिकेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांची मैफल १३ फेब्रुवारी १९६० रोजी पश्चिम बर्लिनमधील डॉइचलांडहाले या सभागृहात झाली. या मैफिलीची ध्वनिमुद्रिका 'मॅक द नाइफ : एला इन बर्लिन' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ज्या गीतावरून ध्वनिमुद्रिकेला हे नाव मिळाले, त्याचे शब्द गायिका मंचावर मध्येच विसरल्या आणि उरलेले गीत त्यांनी उत्स्फूर्तपणे रचून गायले. जॅझच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात या गीताचा, सभागृहाचा आणि गायिकेच्या समाजाचा इतिहास एकत्र मांडून ही ध्वनिमुद्रिका इतिहासाचे साधन म्हणून काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : जॅझ, स्टँडर्ड, ध्वनिमुद्रिका, बर्लिन, वर्णभेद, शीतयुद्ध.

प्रस्तावना

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू आणि मौखिक परंपरा यांना साधने म्हणून मान्यता मिळाली आहे. त्या तुलनेत ध्वनिमुद्रिकेकडे साधन म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांमध्ये अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ध्वनिमुद्रिका ही संगीतसमीक्षकांची बाब आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः विसाव्या शतकातील सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग आवाजाच्या रूपाने शिल्लक राहिला आहे.

ध्वनिमुद्रिकांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्टुडिओत तयार होतो. तेथे गीत पुन्हा पुन्हा गाता येते, सदोष भाग टाकून देता येतो आणि निर्दोष झालेले तेवढेच श्रोत्यांपर्यंत पोहोचते. दुसरा प्रकार प्रत्यक्ष मैफिलीत तयार होतो. त्यात टाळ्या असतात, गायकाचे दोन गीतांमधील बोलणे असते आणि क्वचित चुकाही असतात. स्टुडिओतील मुद्रणाची तुलना सुधारून छापलेल्या ग्रंथाशी केली, तर मैफिलीतील मुद्रण हस्तलिखिताच्या जवळ जाते. खाडाखोड झालेले हस्तलिखित अभ्यासकाला अधिक बोलके वाटते, त्याच कारणाने मैफिलीचे मुद्रणही महत्त्वाचे ठरते.

'एला इन बर्लिन' या ध्वनिमुद्रिकेची निवड याच दृष्टीने केली आहे. हिटलरच्या सत्ताकाळात उभारलेल्या सभागृहात एक कृष्णवर्णीय गायिका गाते. ती जे गीत गाते ते त्याच शहरातून परागंदा व्हावे लागलेल्या ज्यू संगीतकाराचे असते. आणि ते गीत त्या शहरात परत येते ते इंग्रजी भाषेत, न्यूयॉर्कमार्गे. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा आल्या, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

'स्टँडर्ड' ही संकल्पना आणि गायिकेची पार्श्वभूमी

जॅझमध्ये 'स्टँडर्ड' म्हणजे सर्व कलावंतांना ठाऊक असलेले, अनेकांनी आपापल्या पद्धतीने सादर केलेले गीत. अशी बहुसंख्य गीते १९२० ते १९५० या काळातील न्यूयॉर्कच्या संगीतनाटकांतून आणि चित्रपटांतून आलेली आहेत. जॉर्ज व आयरा गर्श्विन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स व लॉरेन्झ हार्ट हे त्यांचे प्रमुख रचनाकार होत. नाटक विस्मरणात गेले तरी गीत टिकून राहिले. मराठी वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. संगीत नाटकातील पद रंगभूमीवरून उचलले जाऊन मैफिलीत आले आणि तेथे गायकाने त्याचा स्वतंत्र विस्तार केला, हा मराठी नाट्यसंगीताचा अनुभवही याच जातीचा आहे. पद ठरलेले, परंतु त्याचे गाणे प्रत्येक गायकाचे निराळे, हा दोन्ही परंपरांना समान असलेला व्यवहार आहे.

एला फिट्झजेराल्ड यांचा जन्म २५ एप्रिल १९१७ रोजी व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे झाला. बालपण न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे गेले. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेममधील अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत त्या प्रथम आल्या. पुढील वर्षी ड्रमवादक चिक वेब यांच्या वाद्यवृंदात त्यांचा प्रवेश झाला आणि १९३८ मधील 'अ-टिस्केट, अ-टास्केट' या गीताने त्या देशभर प्रसिद्ध झाल्या. चाळीसच्या दशकात बीबॉप या नव्या जॅझ शैलीचा प्रभाव त्यांनी आत्मसात केला. अर्थहीन अक्षरांच्या आधारे वाद्याप्रमाणे गळा फिरवण्याच्या 'स्कॅट' या प्रकारावर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. आपल्याकडील तराण्याशी त्याचे वरवर साम्य दिसते. तथापि तराण्याचे बोल बऱ्याच अंशी परंपरेने ठरलेले असतात. स्कॅटमधील अक्षरे मात्र गायक त्या त्या क्षणी, बहुधा ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या अनुकरणाने, निर्माण करतो.

त्यांच्या कारकिर्दीला निर्णायक वळण दिले ते नॉर्मन ग्रँझ यांनी. ग्रँझ हे लॉस एंजेलिसमध्ये १९१८ साली जन्मलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबातील व्यवस्थापक होते. १९४४ पासून त्यांनी 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' या नावाने मैफिलींचे दौरे सुरू केले. १९५६ मध्ये त्यांनी व्हर्व्ह ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी एला यांच्या आवाजात कोल पोर्टर यांच्या गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. एकेका रचनाकाराची गीते एकत्र आणणाऱ्या या 'साँगबुक' मालिकेत पुढे रॉजर्स-हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन आणि गर्श्विन बंधू यांचे संग्रह निघाले. विखुरलेल्या नाट्यगीतांना अभिजात वाङ्मयासारखी प्रतिष्ठा मिळवून देण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे. बर्लिनच्या मैफिलीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. संग्रहांमध्ये जी गीते वाद्यवृंदासह, आखीवरेखीव रूपात मुद्रित झाली होती, त्यांपैकी काही बर्लिनच्या मंचावर केवळ चार वादकांच्या साथीने गायली गेली.

सभागृहाचा इतिहास

डॉइचलांडहाले हे सभागृह १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी बांधण्यात आले. त्याचे उद्घाटन २९ नोव्हेंबर १९३५ रोजी हिटलरच्या उपस्थितीत झाले. ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध, कुस्ती आणि भारोत्तोलन या स्पर्धा तेथे झाल्या. उद्घाटनाच्या सुमारे सात आठवडे आधी, १२ ऑक्टोबर १९३५ रोजी, जर्मन नभोवाणीचे प्रमुख ऑयगेन हाडामोव्स्की यांनी कृष्णवर्णीयांच्या जॅझवर नभोवाणीपुरती संपूर्ण बंदी जाहीर केली होती. बंदीच्या घोषणेत वापरलेला शब्द उघडपणे वंशद्वेषाचा होता. १९३८ मध्ये ड्यूसेलडॉर्फ येथे 'अधःपतित संगीत' या नावाचे प्रदर्शन भरवण्यात आले. त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय पुरुष दाखवला होता आणि त्याच्या छातीवर ज्यू समाजाचे षट्कोनी ताऱ्याचे चिन्ह होते. कृष्णवर्णीयांचे वादन आणि ज्यूंचे संगीत हे एकाच रोगाचे दोन भाग आहेत, असा त्या चित्राचा आशय होता.

१९४३ च्या हवाई हल्ल्यात सभागृहाची मोठी हानी झाली. पुनर्बांधणीनंतर १९५७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. युद्धोत्तर विभागणीत हा परिसर पश्चिम बर्लिनच्या ब्रिटिश विभागात आला होता. १९६० च्या फेब्रुवारीत शहरावर अनिश्चिततेचे सावट होते. नोव्हेंबर १९५८ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी पाश्चात्त्य राष्ट्रांनी बर्लिनमधून सैन्य काढून घ्यावे, अशी मागणी मुदत घालून केली होती. ती मुदत टळली, परंतु प्रश्न सुटला नव्हता. तरीही शहराच्या दोन भागांत ये-जा चालू होती. मैफिलीनंतर बरोबर अठरा महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९६१ रोजी, ती बंद झाली आणि भिंत उभी राहू लागली.

एका गीताचा प्रवास

'मॅक द नाइफ' या गीताचा उगम बर्लिनमध्येच आहे. जॉन गे यांचे 'द बेगर्स ऑपेरा' हे इंग्रजी नाटक १७२८ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. दोनशे वर्षांनंतर एलिझाबेथ हाउप्टमान यांनी त्याचे जर्मन भाषांतर केले आणि त्याच्या आधारे बर्टोल्ट ब्रेख्त यांनी 'तीन पैशांचा ऑपेरा' या अर्थाचे शीर्षक असलेले संगीत नाटक सिद्ध केले. संगीत कुर्ट वाइल यांचे होते. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमधील शिफबाउअरडाम येथील नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. नाटकाच्या प्रारंभीचे गीत नायक मॅकहीथ याच्या गुन्ह्यांची यादी सांगते आणि ते प्रयोगाच्या अगदी तोंडावर नाटकात घालण्यात आले. जर्मनीत जत्रांमधून चित्रफलक दाखवत खून-दरोड्यांच्या कथा गाणाऱ्या गायकांची परंपरा होती. तिला 'मोरिटाट' म्हणत. चित्रे दाखवून कथा गाण्याची रीत सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीमुळे मराठी अभ्यासकाला परिचित आहे. तेथील विषय पुराणकथांचे असतात, तर मोरिटाटचा विषय गुन्हेगारीचा असे, एवढा भेद लक्षात घ्यावा. ब्रेख्त-वाइल यांनी याच बाजारी गायनप्रकाराचा उपरोधासाठी उपयोग केला.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. राइशस्टागच्या आगीनंतर दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, ब्रेख्त यांनी जर्मनी सोडली. ज्यू असलेले वाइल मार्चमध्ये पॅरिसला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. जर्मनीत त्यांच्या संगीतावर बंदी आली. ड्यूसेलडॉर्फच्या प्रदर्शनात ज्या रचनाकारांची बदनामी करण्यात आली, त्यांत वाइल यांचा समावेश होता. १९५० मध्ये न्यूयॉर्क येथेच त्यांचे निधन झाले. ब्रेख्त १९४९ मध्ये पूर्व बर्लिनला स्थायिक झाले. त्यांच्या 'बर्लिनर आन्साँब्ल' या संस्थेला १९५४ पासून शिफबाउअरडामचेच नाट्यगृह मिळाले. दोन वर्षांनी ब्रेख्त यांचेही निधन झाले. १९६० मध्ये गीताचे जन्मस्थान पूर्व बर्लिनमध्ये होते आणि एला यांचे सभागृह पश्चिम बर्लिनमध्ये.

या दोन ठिकाणांमधील अंतर काही किलोमीटरचे असले तरी गीताने घेतलेला मार्ग अटलांटिक ओलांडून जाणारा होता. अमेरिकन संगीतकार मार्क ब्लिट्झस्टाइन यांचे इंग्रजी रूपांतर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात आले. १९५५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या या नाटकाचे एकूण २,६०० हून अधिक प्रयोग झाले. वाइल यांच्या पत्नी लॉटे लेन्या १९२८ च्या मूळ प्रयोगात होत्या आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगातही त्यांनी जेनीची तीच भूमिका केली. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांनी हे गीत जॅझमध्ये आणले. मुद्रणाच्या वेळी लेन्या स्टुडिओत उपस्थित होत्या आणि आर्मस्ट्राँग यांनी गीतातील पात्रांच्या नावांत त्यांचेही नाव सहज गुंफून टाकले. १९५९ मध्ये बॉबी डॅरिन यांचे मुद्रण अमेरिकेत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. उपरोधाने भरलेले राजकीय नाट्यगीत अशा रीतीने लोकप्रिय नृत्यगीत झाले. या बदलात गीताची धार बोथट झाली, असे म्हणता येईल. परंतु ते जिवंत राहिले आणि सर्वांना पाठ झाले, हेही तितकेच खरे आहे.

१३ फेब्रुवारी १९६० ची मैफल

मैफिलीला सुमारे १२,००० श्रोते उपस्थित होते. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, डबल बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स आणि ड्रम्सवर गस जॉन्सन होते. स्मिथ व हॉल श्वेतवर्णीय, तर मिडलब्रुक्स व जॉन्सन कृष्णवर्णीय होते. मूळ तबकडीवर नऊ गीते आहेत. मैफिलीतील अन्य काही गीते नंतरच्या आवृत्तींत समाविष्ट झाली.

गीतांची निवड पाहता बहुतेक रचना परिचित स्टँडर्ड आहेत. गर्श्विन यांचे 'द मॅन आय लव्ह', रॉजर्स-हार्ट यांचे 'द लेडी इज अ ट्रॅम्प', कोल पोर्टर यांचे 'टू डार्न हॉट', एरॉल गार्नर यांची 'मिस्टी' ही रचना आणि 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातील 'समरटाइम' ही त्यांपैकी प्रमुख होत. 'लोरेलाय' हे गर्श्विन बंधूंचे गीत विशेष लक्ष वेधते. ऱ्हाइन नदीवरील मोहिनीच्या जर्मन दंतकथेवर ते विनोदी अंगाने रचलेले आहे. ते ज्या संगीतनाटकात होते, त्याचे कथानक ड्रेस्डेनमध्ये घडते आणि ते न्यूयॉर्कमध्ये २० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे हिटलरच्या सत्तारोहणाच्या केवळ दहा दिवस आधी, रंगभूमीवर आले होते. जर्मनीविषयीची निरागस थट्टा त्यानंतर लवकरच अशक्य झाली.

'लोरेलाय'नंतर तबकडीवर 'मॅक द नाइफ' येते. प्रारंभी एला श्रोत्यांना सांगतात की, हे गीत अद्याप एखाद्या स्त्रीच्या आवाजात ऐकायला मिळालेले नाही, म्हणून आपण प्रयत्न करून पाहू. शब्द आठवतील अशी आशा आहे. पहिली कडवी व्यवस्थित पार पडतात. कडव्यागणिक सूर थोडा थोडा चढत जातो. पुढे शब्द आठवत नाहीत. येथे थांबणे किंवा स्कॅटचा आश्रय घेणे शक्य होते. एला मात्र चाल न सोडता, ताल न चुकवता, आपण पुढचे कडवे विसरलो आहोत हेच गाऊ लागतात. डॅरिन आणि आर्मस्ट्राँग यांनी या गीताच्या तबकड्या काढल्या, आता आपण आणि आपले साथीदार तिची वाताहत करीत आहोत, अशा आशयाच्या ओळी त्या तेथल्या तेथे जुळवतात. यमकेही बहुतेक ठिकाणी जुळतात. त्यानंतर आर्मस्ट्राँग यांच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्या गीत शेवटास नेतात. टाळ्यांचा कडकडाट तबकडीवर स्पष्ट ऐकू येतो.

यानंतरचे 'हाउ हाय द मून' हे गीत १९४० च्या एका संगीत प्रयोगातील असून एला १९४७ पासून ते स्कॅटसह गात होत्या. बर्लिनमध्ये ते सुमारे सात मिनिटे चालते आणि त्यातील बहुतांश भागात शब्दच नाहीत. चार्ली पार्कर यांच्या 'ऑर्निथॉलॉजी' या रचनेसह अनेक परिचित चालींचे तुकडे त्या त्यात गुंफतात. शेवटी जेरोम कर्न यांच्या धुरावरील प्रसिद्ध गीताच्या चालीवर, डोळ्यांत धुराऐवजी घाम जात असल्याचा विनोदही त्या करतात. एका गीतात शब्द हरवले आणि लगेच पुढच्या गीतात शब्द जाणीवपूर्वक बाजूला ठेवले गेले, हा क्रम तबकडीवर सलग ऐकता येतो. शब्दांवाचून गीत चालू ठेवण्याची जी शिस्त गायिकेने दोन तपे कमावली होती, तीच विस्मरणाच्या क्षणी उपयोगी पडली. म्हणून त्या क्षणाला केवळ प्रसंगावधान म्हणणे अपुरे ठरते. त्यामागे कृष्णवर्णीय संगीताची उत्स्फूर्त रचनेची प्रदीर्घ परंपरा उभी आहे.

ग्रँझ यांनी विस्मरणाचा हा भाग तबकडीत ठेवला, एवढेच नव्हे तर त्या गीताचेच नाव तबकडीला दिले. या निर्णयाला व्यावसायिक यश लाभले. १९६१ च्या ग्रॅमी पुरस्कारांत संपूर्ण तबकडीसाठी आणि 'मॅक द नाइफ' या गीतासाठी असे स्त्री-गायनाचे दोन पुरस्कार एला यांना मिळाले. चुकलेले गीत वर्षातील सर्वोत्तम गायनांपैकी एक ठरणे ही असाधारण घटना होय.

मायदेशातील वास्तव

बर्लिनमधील टाळ्यांचे मूल्यमापन करताना त्याच पंधरवड्यातील अमेरिकेकडे पाहणे आवश्यक आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील श्वेतवर्णीयांसाठी राखीव असलेल्या उपाहार-कक्षात बसले आणि सेवा नाकारली गेली तरी उठले नाहीत. हे आंदोलन काही दिवसांत अन्य शहरांत पसरले. बर्लिनची मैफल त्यानंतर बाराव्या दिवशी झाली. मंचावरील पाच कलावंतांना दक्षिणेकडील अनेक शहरांत एका टेबलावर बसून जेवता आले नसते.

एला यांना या वास्तवाचा प्रत्यक्ष अनुभव होता. ग्रँझ आपल्या मैफिलींच्या करारांत श्रोत्यांची वर्णानुसार विभागणी होणार नाही अशी अट घालत असत. ऑक्टोबर १९५५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे त्यांनी याच अटीवर मैफल ठेवली. तेव्हा साध्या वेशातील पोलिसांनी रंगपटात शिरून जुगाराच्या आरोपाखाली एला, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके आणि स्वतः ग्रँझ यांना अटक केली. पुढे आरोप मागे घेण्यात आले. वर्णभेद मोडणाऱ्या आयोजकाला धडा शिकवण्याचा हा प्रयत्न होता, असाच या घटनेचा अर्थ लावला जातो.

याच काळात अमेरिकन शासन जॅझचा उपयोग परराष्ट्र धोरणासाठी करीत होते. १९५६ पासून गिलेस्पी आदींना शासनाने परदेश दौऱ्यांवर पाठवले. १९५७ मध्ये लिटल रॉक येथील शाळाप्रवेशाच्या संघर्षात शासनाची भूमिका पाहून आर्मस्ट्राँग यांनी सोव्हिएत संघाचा नियोजित दौरा नाकारला. एला यांचा १९६० चा दौरा ग्रँझ यांनी खासगीरीत्या आयोजित केलेला होता. तथापि पश्चिम बर्लिनमध्ये गाणारी अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका ही शीतयुद्धाच्या प्रतिमांपासून पूर्णतः अलिप्त राहू शकत नव्हती. ज्या स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जॅझ जगापुढे ठेवले जात होते, ते स्वातंत्र्य जॅझ निर्माण करणाऱ्या समाजाला स्वदेशात मिळालेले नव्हते.

साधन म्हणून ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादा

वरील विवेचनावरून बर्लिनची मैफल म्हणजे नाझीवादावरील प्रतीकात्मक विजय होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी ध्वनिमुद्रिका प्रत्यक्षात काय सांगते, हे तपासले पाहिजे. एला सभागृहाच्या पूर्वेतिहासाविषयी काहीही बोलत नाहीत. 'मॅक द नाइफ' गाताना त्या डॅरिन आणि आर्मस्ट्राँग यांची नावे घेतात. वाइल आणि ब्रेख्त यांची घेत नाहीत. गीत बर्लिनचे आहे याचा उल्लेखही येत नाही. त्यांच्या दृष्टीने ते त्या काळी गाजत असलेले एक अमेरिकन गीत होते. म्हणजे गायिका गीताचे शब्द विसरल्या हे एक विस्मरण; आणि गीताचे कर्ते, त्यांचे परागंदा होणे, हे लोकप्रियतेच्या प्रवाहात पुसले गेले होते, हे त्याहून मोठे विस्मरण. पहिल्याची चर्चा सर्वत्र होते, दुसऱ्याची क्वचित.

श्रोत्यांविषयीही सावधपणे बोलावे लागते. तबकडीवर टाळ्या ऐकू येतात. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मनात काय होते, ते ऐकू येत नाही. १९६० मध्ये चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बर्लिनवासीयाने १९३३ ते १९४५ हा काळ प्रौढ वयात किंवा तारुण्यात अनुभवलेला होता. त्यांच्यापैकी काहींनी १९२८ नंतर हे गीत मूळ जर्मनमध्ये ऐकलेले असणे सहज शक्य आहे. त्यांचा प्रतिसाद आणि युद्धोत्तर अमेरिकन संगीतावर वाढलेल्या तरुणांचा प्रतिसाद एकाच आवाजात मिसळून गेला आहे. तो वेगळा करण्याचे साधन तबकडीत नाही.

मात्र या मर्यादांमुळे साधनाचे मूल्य कमी होत नाही. सभागृह बांधणाऱ्या राजवटीने जे संगीत आणि ज्या माणसांचे संगीत त्याज्य ठरवले, ते त्याच वास्तूत, कोणत्याही घोषणेशिवाय, करमणूक म्हणून सादर झाले आणि हजारोंनी ते मनापासून ऐकले, एवढे ही तबकडी निःसंशयपणे सिद्ध करते. घोषणेचा अभाव हाच येथे महत्त्वाचा पुरावा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यासाठी बंदीहुकूम काढावा लागला होता, ती गोष्ट आता समर्थनाची गरज नसलेली नित्याची बाब झाली होती.

उत्तरकाल

एला यांनी बर्लिनमध्ये पुन्हा मैफिली केल्या. २५ मार्च १९६२ रोजी श्पोर्टपालास्ट येथे झालेल्या मैफिलीचे मुद्रण ग्रँझ यांच्या खासगी संग्रहात पडून होते. ते २०२० मध्ये प्रथमच प्रसिद्ध झाले. त्यातही 'मॅक द नाइफ' आहे. याच श्पोर्टपालास्टमध्ये गोबेल्स यांनी १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सर्वंकष युद्धाची हाक देणारे भाषण केले होते. १९६२ पर्यंत भिंत उभी राहिली होती आणि पूर्व बर्लिनमधील श्रोत्याला तेथे पोहोचणे शक्य नव्हते. दोन मुद्रणांच्या मध्ये शहराची फाळणी आहे, ही गोष्ट ती एकापाठोपाठ ऐकताना ध्यानात ठेवावी लागते. श्पोर्टपालास्ट १९७३ मध्ये आणि डॉइचलांडहाले २०११ मध्ये पाडण्यात आले. एला यांचे १५ जून १९९६ रोजी निधन झाले. १९६० ची तबकडी १९९९ मध्ये ग्रॅमीच्या सन्मान-दालनात समाविष्ट करण्यात आली.

ब्रेख्त-वाइल यांचे नाटक मराठी रंगभूमीवरही पोहोचले. पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'तीन पैशाचा तमाशा' हे रूपांतर पुण्याच्या थिएटर अकॅडमीने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ मध्ये सादर केले. लंडन, बर्लिन आणि न्यूयॉर्क या मार्गाने गेलेल्या कथेची ही आणखी एक शाखा होय. न्यूयॉर्कमध्ये या नाटकातील एक गीत नाटकापासून सुटे होऊन लोकप्रिय झाले, तर पुण्यात नाटकाचा सामाजिक उपरोध जागा ठेवून त्याला देशी लोकनाट्याचे रूप देण्यात आले. एकाच कृतीचे हे दोन प्रवास तुलनात्मक अभ्यासाला विषय पुरवू शकतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मैफिलीतील ध्वनिमुद्रिका हे स्वतंत्र ऐतिहासिक साधन असून स्टुडिओतील मुद्रणात गाळले जाणारे तपशील, विशेषतः चुका आणि श्रोत्यांचा प्रतिसाद, त्यात सुरक्षित राहतात.

२. 'मॅक द नाइफ' या गीताचे बर्लिनमधील पुनरागमन हे मूळ रचनेचे जसेच्या तसे परत येणे नव्हते. परागंदा रचनाकार, अमेरिकन रूपांतरकार आणि कृष्णवर्णीय गायक यांच्या हातून बदललेले गीत परत आले.

३. शब्दांचे विस्मरण आणि त्यावर केलेली मात यांतून जॅझमधील उत्स्फूर्त रचनेची शिस्त दिसून येते. त्या प्रसंगाकडे केवळ योगायोग म्हणून पाहणे योग्य नाही.

४. परदेशातील गौरव आणि स्वदेशातील वर्णभेद या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. त्यांपैकी एकीचाच उल्लेख करून लिहिलेला जॅझचा इतिहास अपुरा राहतो.

५. गायिकेच्या मनात नसलेला राजकीय हेतू तिच्यावर लादता येत नाही. तथापि कलावंताच्या हेतूपलीकडेही कलाकृतीला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होतो आणि तो शोधणे हे इतिहासकाराचे काम आहे.

डॉइचलांडहाले आज अस्तित्वात नाही. त्या वास्तूत १९३५ पासून जे अनेक आवाज घुमले, त्यांपैकी एका रात्रीचा आवाज मुद्रित रूपात जगभर ऐकला जातो. संगीताच्या अभ्यासक्रमात त्याला स्थान आहेच. विसाव्या शतकाचा युरोप आणि अमेरिका शिकवणाऱ्या इतिहासाच्या वर्गातही ही तबकडी साधन म्हणून वापरली जावी, असे या अभ्यासाच्या आधारे सुचवता येते.